बाबांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर होईपर्यंत

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ज्यांची कुळागरे (सुपारी-केळीच्या बागा) रानाला टेकून आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची, बंदूक असते. परवाना घरच्या वडीलमाणसाच्या नावावर असतो. तो माणूस गेला की त्या बंदुकीचे काय करायचे हे कुणालाच धड ठाऊक नसते. कुणी म्हणतो, पोलिसांत देऊन मोकळे व्हा. कुणी म्हणतो, गप्प राहा, कोण विचारायला येतोय. आम्हाला हे दोन्ही सल्ले बाबांच्या दिवसांतच मिळाले. बंदूक रीतसर माझ्या नावावर व्हायला वर्षाच्या वर काळ गेला. मध्ये काय काय झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला कुठल्या खिडकीवर काय विचारतील याचा अंदाज तरी येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. शिकारीसाठी बंदूक हवी म्हणून कुणी हे वाचत असेल तर त्याच्या उपयोगाचे यात काही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता आपल्याकडे हौशीची शिकार उरलेली नाही. पीकसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नव्हे. हा फरक गावात सोयीने विसरला जातो, म्हणून पुढे पुन्हा त्यावर येईन.

बाबा ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. बंदूक नेहमीसारखी माजघरात, दाराच्या वर दोन खुंट्यांवर आडवी. घरात माणसांची ये-जा, पोरे धावताहेत, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नाही. लक्ष गेले ते तात्यांचे. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांचाही परवाना आहे आणि चाळीसेक वर्षे ते अशीच बंदूक वापरतात. त्यांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, "रिकामी आहे काय रे ती?" मला माहीत नव्हते. आईला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

तात्यांनी ती खाली उतरवली, तोंड अंगणाच्या बाहेर डोंगराकडे केले आणि गज, म्हणजे बार ठासायची सळई, काढला. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बघायची रीत त्यांनी तेव्हा दाखवली, ती मला आजही सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गज नळीत हळू सोडायचा, तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी बोटाने खूण धरायची. मग तीच खूण तोंडाशी ठेवून गज नळीच्या बाहेरच्या अंगाने लावायचा. टोक केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसते तिथल्या कानापर्यंत पोचले तर नळी रिकामी. आमचा गज चार बोटे अलीकडेच थांबला. आत बार होता. बाबांनी कधी भरला, कुणास ठाऊक, पावसाळ्याआधीचाही असेल.

असा जुना बार उडवून मोकळे व्हावे असे कुणालाही वाटेल. तात्यांनी तसे केले नाही. बरेच महिने आत राहिलेल्या दारूने ओल धरलेली असते, नळी आतून गंजलेली असू शकते, आणि दुसरे म्हणजे परवानाधारक हयात नसताना बार काढणे हे उगीच नसते लचांड. त्यांनी कानातून थेंब थेंब पाणी सोडले, मग नळीच्या तोंडातूनही ओतले, आणि बंदूक रात्रभर उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला लोखंडी पेच लावून काथ्याचा बोळा बाहेर ओढला. पाठोपाठ वर्तमानपत्रावर छर्रे घरंगळले आणि शेवटी काजळीसारखा चिखल आला, कुजक्या अंड्याच्या वासाचा. गंधकाचा वास तो. सोरा, कोळसा आणि गंधक मिळून काळी दारू होते; पाण्याने सोरा विरघळून गेला की ती पेटत नाही. ज्यांना हे काम येत नसेल त्यांनी करू नये. ठाण्यावर आधी फोन करून सांगावे, भरलेली आहे, माणूस पाठवा.

शस्त्र कायद्याचे २१ वे कलम सांगते की बंदूक बाळगणे ज्या कारणाने बेकायदा झाले असेल, त्यानंतर विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. धारक मेल्यावर परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. म्हणजे ती खुंटीवर जितके दिवस राहील, तितके दिवस घरात विनापरवाना शस्त्र. दिवस उरकल्यावर मी आणि तात्या ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यावर घेऊन गेलो. बरोबर मूळ परवाना आणि मृत्यूच्या नोंदीची पंचायतीची पावती होती.

तिथे पहिली अडचण आली ती नंबराची. परवान्याच्या पुस्तिकेत बंदुकीचा नंबर लिहिलेला, पण नळीवर काही दिसेना. कायद्याने प्रत्येक बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव, नंबर किंवा ओळखीची खूण लागते आणि ती खोडणे हा गुन्हा आहे. हवालदारांनी घाई केली नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी रॉकेल मागवले, जुन्या दातब्रशाने नळीचा मागचा भाग घासला, कोरड्या फडक्याने पुसला आणि वरून पांढरा खडू फिरवला. खडू खाचांत बसला आणि आकडे एकेक करून वर आले. शेवटचा आकडा तीन की आठ यावर थोडा वेळ गेला. पुस्तिकेत आठ होता, उजेडात तिरपी धरल्यावर तिथेही आठच दिसला. ज्यांच्याकडे जुनी बंदूक आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी नंबर वाचता येतोय का ते बघावे आणि स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवावा. जमा केल्याची पावती घेतली, त्यावर नंबर बरोबर लिहिलाय याची खात्री केली आणि तिच्या चार झेरॉक्स काढल्या.

मग कागदांचा काळ. शस्त्र नियम २०१६ मधला २५ वा नियम वारसाला परवाना देण्याबद्दल आहे. धारक गेल्यावर तर वारसाला अर्ज करता येतोच. पण धारक सत्तरीचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली, यातले जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव देऊ शकतो. बाबा दोन्ही अटींत केव्हाच बसत होते. घरात कुणी सत्तरी ओलांडलेले धारक असतील तर त्यांच्याशी हे आत्ताच बोला. सही करायला माणूस समोर असला की पुढचे निम्मे कागद लागतच नाहीत.

माणूस गेल्यावर मात्र सगळ्या वारसांची ना-हरकत लागते, आणि गोव्यात त्याला आपला खास पीळ आहे. आपल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, त्यामुळे बहिणीच्या सहीबरोबर भावोजींचीही सही मागितली गेली. माझी एक बहीण फोंड्याला, दुसरी दोडामार्गला. दोघीही आल्या, पण दोन्ही भावोजींना एकाच दिवशी रजा मिळवून नोटरीसमोर उभे करणे हे प्रतिज्ञापत्र लिहिण्यापेक्षा कठीण निघाले. धाकटे भावोजी म्हणाले, "बंदुकीवरचा हक्क सोडतो, पण काजूच्या बियांवरचा सोडत नाही हां." आम्हाला घराच्या वाटणीसाठी निबंधकाकडे वारसा-दस्त करायचाच होता, ते काम आधी उरकले आणि त्याची प्रमाणित प्रत इथेही जोडली. नुसत्या बंदुकीसाठी तो खर्च करायचा की नाही हे परवाना शाखेत विचारूनच ठरवावे. साध्या प्रतिज्ञापत्रावर भागल्याचेही मी ऐकले आहे.

बाकी जोडलेले कागद: एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, आमचा सातबारा), कृषी कार्ड, शेताचा नकाशा, निवासाचा दाखला, फोटो, बाबांचा मूळ परवाना, जमा पावती, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, सरकारी डॉक्टरांचे शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि बंदूक घरात कशी ठेवणार याचे हमीपत्र. सत्तरीत एक-चौदावर कष्टकऱ्याचे नाव असेलच याची खात्री नसते. मोकाशाच्या, म्हणजे जुन्या इनामी, जमिनींचा घोळ सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कुळागराच्या उताऱ्यावर बाबांचे नाव होते, काजूच्या डोंगरावर नव्हते. मी अर्जात फक्त कुळागर दाखवले. ज्याचा कागद नाही ते क्षेत्र दाखवायच्या फंदात पडू नका, एका प्रश्नातून चार निघतात.

याच दिवसांत मी दुसऱ्या एका विचारात होतो. बाबांचीच जुनी ठासणी ठेवावी, की ती देऊन काडतुसाची एकनळी बारा बोअर घ्यावी? मित्रांचा कौल एकनळीला. भरायला सोपी, पावसात दगा देत नाही, दुसरा बार लगेच काढता येतो. रात्री रात्री जागून मी इंटरनेटवर ठासणीच्या बंदुकीबद्दल वाचत बसलो. मिळाले ते बहुतेक अमेरिकेतले. तिथे काही राज्यांत हरणासाठी, एल्क नावाच्या मोठ्या हरणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगामच असतो. कोलोरॅडोत एल्क मारायचा तर बंदूक निदान पॉइंट पन्नास कॅलिबरची लागते. आतून आटे पाडलेल्या नळ्या, पन्नास ग्रेनच्या (ग्रेन हे दारूचे माप) तयार वड्या, अशा दोन वड्या म्हणजे शंभर ग्रेनचा बार, वर एक अणकुचीदार गोळी. वाचायला मजा येते, पण आपल्या कामाचे त्यात थोडेच. आपली नळी आतून गुळगुळीत, तिच्यात जातात छर्रे. आणि आपल्याला हरीण पाडायचे नसून डुकराला केळीतून हाकलायचे आहे. त्या वाचनातून दोन गोष्टी मात्र कामाच्या निघाल्या: काळी दारू आकारमानाच्या मापाने मोजतात, आणि काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत कधीही घालायची नाही. तिचा दाब इतका चढतो की नळी हातातच फुटते. गावात कुणी "काडतूस फोडून त्यातली घाल" असे सुचवले तर त्याच्यापासून लांब राहा.

निर्णय शेवटी कायद्यानेच सोपा केला. शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचेच नाव घेतलेले आहे. ती पुरेशी पडत नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे एकनळी मागायची तर आधी ठासणी का पुरत नाही ते सिद्ध करा. शिवाय नवी बंदूक पाच आकड्यांत जाते आणि काडतुसे वेगळी. मला हवा होता आवाज. आवाजात काळ्या दारूला तोड नाही. काडतुसाचा बार टणत्कारतो नि संपतो, ठासणीचा दरीतून घुमत राहतो. बाबांचीच ठेवायची ठरले.

अर्ज फेब्रुवारी २०२४ मध्ये पणजीला जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत आणि कागदांचा गठ्ठा खिडकीवर. आता प्रत्येक परवानाधारकाची राष्ट्रीय नोंदणी होते आणि त्याला स्वतःचा एक ओळख क्रमांक मिळतो. बाबांचा क्रमांक त्यांच्या पुस्तिकेत होता, माझा नवा पडणार होता. खिडकीवरच्या बाईंनी गठ्ठा चाळला, दोन ठिकाणी सह्या राहिल्या होत्या त्या करून घेतल्या आणि म्हणाल्या, "आता निवडणूक येते आहे, हे लक्षात ठेवा."

त्याचा अर्थ १६ मार्चला कळला. लोकसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्रांशी संबंधित सगळी माणसे परवानाधारकांच्या बंदुका जमा करून घेण्याच्या कामाला लागली. तात्यांचीही ठाण्यावर गेली. गोव्याचे मतदान ७ मे रोजी, मतमोजणी ४ जूनला. तोवर माझी फाइल जिथे होती तिथेच. याच काळात काजू पिकतो, म्हणजे माकडे आणि डुकरे दोन्ही ऐन भरात, आणि गावातल्या सगळ्या बंदुका कुलपात. याबद्दल शेतकरी दर निवडणुकीला बोलतात आणि दर निवडणुकीला तेच होते. मी त्या दिवसांत फाइलचा पाठपुरावा केला नाही. सगळे दुसऱ्या कामात असताना खिडकीवर डोके फोडून कुणाचेच भले होत नाही.

जून संपता संपता पोलीस चौकशीला आले. धो धो पाऊस, हवालदारांच्या रेनकोटातून पडवीत तळे झाले. त्यांनी शेजाऱ्यांना विचारले, माझ्यावर काही गुन्हा आहे का ते आधीच तपासले होते, आणि मग "कुठे ठेवणार ते दाखवा" म्हणाले. दारावरच्या दोन खुंट्या बघून त्यांनी फक्त माझ्याकडे बघितले. पत्र्याचे अरुंद उभे कपाट मी तोवर करून घेतले होते, भिंतीत बोल्टने आवळलेले, दोन कुलपांचे. वाहतुकीसकट साडेचार हजार पडले. त्याचा फोटो त्यांनी अहवालाला जोडला. दारू आणि केप त्याच कपाटात ठेवू नका, वेगळ्या कुलपात ठेवा, हा सल्ला त्यांचाच. नियमात पोलीस अहवालाला तीस दिवसांची मुदत आहे. आमचा साधारण त्यातच गेला.

नंतरचा टप्पा मला अजिबात ठाऊक नव्हता. वन्यजीव कायद्याचे ३४ वे कलम सांगते की अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवायचे, आणि अशा पट्ट्यात त्यांच्या सहमतीशिवाय नवा शस्त्र परवाना द्यायचा नाही. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये झाले. नकाशावर दहा किलोमीटरचे वर्तुळ काढले तर सत्तरीत त्याच्याबाहेर काय उरते ते तुम्हीच बघा. वारसाचा परवाना म्हणजे नवा की जुनाच, यावर खिडकीत चर्चा झाली आणि फाइल वनखात्याकडे गेली.

इथे बाबांची एक सवय कामी आली. ते कुठलाही सरकारी कागद टाकत नसत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रेशनकार्डांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत अभयारण्य झाल्यानंतर केलेल्या नोंदणीची पोच सापडली, त्यांच्या सहीची, शाई फिकी पण वाचता येणारी. ती प्रत दिल्यावर बंदूक या पट्ट्यात नव्याने येत नसून पहिल्यापासूनच इथे आहे हे दाखवता आले. आल्तिनोच्या वनभवनात मी चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या तरुण अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती जनावरे मारलीत आजवर?" मी म्हटले, "बाबांचे मला ठाऊक नाही, मी एकही नाही." ते हसले नाहीत, पण कागद पुढे गेला. त्यांच्या जागी मी असतो तर हाच प्रश्न विचारला असता. मध्येच एका टेबलावर फाइल काही आठवडे पडून राहिली. कुठे ते लिहीत नाही, कारण तशी ती कुठेही पडली असती. दर सोमवारी सकाळी एक फोन, नम्रपणे, नाव आणि आवक क्रमांक सांगून. आवक क्रमांक नसेल तर फोन करण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये परवाना हातात आला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. पुस्तिकेत बंदुकीचे वर्णन, नंबर, किती दारू आणि केप बाळगता येतील ते, आणि कुठल्या क्षेत्रापुरता परवाना आहे ते लिहिलेले असते. हे सगळे खिडकीसमोर उभे राहूनच वाचा. माझ्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती तिथल्या तिथे दुरुस्त झाली. घरी येऊन कळले असते तर पुन्हा साखळीमार्गे कदंबची बस आणि अर्धी रजा. खर्च म्हणाल तर परवान्याचे शुल्क किरकोळ. नोटरी, मुद्रांक, प्रमाणित प्रती, प्रशिक्षण, कपाट आणि बसभाडे धरून दहा हजारांच्या आतबाहेर गेले. वारसा-दस्ताचा खर्च यात धरलेला नाही.

ठाण्यावरून बंदूक सोडवली ती थेट परवानाधारक कारागिराकडे नेली. वर्षभर पडून राहिलेली नळी आत कशी आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बार भरायचा नव्हता. त्याने तळाचा पेच सोडवून नळी उजेडाला धरली आणि मला डोळा लावायला सांगितले. आत तोंडाच्या बाजूला लकाकी, तळाशी तांबूस खड्डे, मिरीच्या दाण्याएवढेसुद्धा नाहीत. त्याच्या मते चालण्यासारखी, पण "भरपूर दारू घालायचे दिवस हिचे गेले." केप बसते तो तुकडा झिजला होता, तो नवा घातला. घोड्याची कमान ढिली होती, ती बदलली. दोन हजारांच्या आत काम झाले.

आता बाराचे. बाबांचे माप म्हणजे बांबूचे कांडे, वरून करवतीने सारखे कापलेले. एक कांडे दारू, वर काथ्याचा बोळा, मग त्याच कांड्याने छर्रे, वर पातळ बोळा. दारू आणि छर्रे एकाच मापाने, ही जुन्या लोकांची रीत जगभर एकच आहे. मी छोट्या डिजिटल काट्यावर तोलून बघितले. कांड्यात पाच ग्रॅमच्या थोडी वर दारू मावते, म्हणजे ऐंशी ग्रेनच्या आसपास. बारा बोअरला काळ्या दारूचा तीन ड्रॅमचा नेहमीचा बार म्हणजे ब्याऐंशी ग्रेन. बाबा शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पण त्यांचे कांडे पुस्तकाच्या मापाला जवळजवळ चिकटून होते.

मी मात्र ते पूर्ण माप वापरत नाही. एक तर कारागिराने सांगितलेले ते खड्डे, आणि दुसरे म्हणजे मला छर्रे टाकायचेच नाहीत. परवान्यावर विक्रेत्याकडून आणलेली दारू, त्याची नोंद पुस्तिकेत. गावठी दारू मिळते, स्वस्तही मिळते, पण ती बेकायदा आहे आणि तिच्यात प्रत्येक खेपेला दम वेगळा. दाणा बारीक असेल तर ती झपाट्याने जळून दाब चढवते, जाड असेल तर सावकाश. म्हणून विकतचा असला तरी नवा डबा उघडला की पुन्हा कमीपासून सुरुवात. तात्या बाजूला उभे असताना मी पाव कांड्यापासून चढत गेलो. अर्ध्या कांड्यावर, पुठ्ठ्याची घट्ट चकती वर ठासून, जो आवाज निघाला तो पलीकडच्या वाड्यावर पोचला. तेवढा पुरे. नुसत्या दारूचा बार असला तरी जवळून चकतीसुद्धा माणसाला जायबंदी करते. नळी कायम वर, आणि पायवाटेच्या दिशेला कधीच नाही.

काथ्याचा किंवा कागदाचा बोळा वापरणे मी सोडून दिले. तो धुमसत खाली पडतो. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले होते, ते धुराचे दिवस सत्तरीत कुणी विसरलेले नाही. फाल्गुन-चैत्रात काजूखाली पाचोळ्याचा थर असतो, तेव्हा डोंगराकडे मी बार काढतच नाही. पत्र्याचा डबा बडवतो, कुत्रे सोडतो.

पहिला खरा उपयोग डिसेंबरात झाला. रात्री दोनच्या सुमारास कुळागराच्या खालच्या अंगाला केळीची सोपटे फाटल्याचा आवाज आला, आणि मग ती ओळखीची गुरगुर. डुक्कर केळीचा कंद उकरते तेव्हा फळाशी त्याचा संबंध नसतो. सकाळी उभे झाड आडवे आणि मुळाशी गुडघाभर खड्डा. मी पडवीतूनच बार काढला. धूर इतका झाला की समोरचे काही दिसेना, पण उतारावरून खडखडत जाणारे पाच-सहा पाय ऐकू आले. त्यानंतर आठवडाभर आली नाहीत. मग आली. नुसत्या आवाजाला ती सरावतात, हे खरे आहे. म्हणून खालच्या कडेला सौरकुंपण घातले आहे, त्याला कृषी खात्याचे अनुदान मिळते. वाळपईच्या विभागीय कार्यालयात अर्ज होतो. कुंपण आणि बंदूक दोन्ही असले तर कमी झोपमोड होते.

"मग एक पाडायचे ना," असे सांगणारे भेटतातच. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला मारायचे तर ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. उत्तराखंड आणि बिहारमध्ये केंद्राने काही काळ, काही जिल्ह्यांपुरते रानडुक्कर उपद्रवी ठरवले होते. त्या अधिसूचना तिथल्या, त्या दाखवून इथे बार काढता येत नाही. गवा तर पहिल्या अनुसूचीत, शिवाय राज्यप्राणी. आमच्या केळीत गवे आले तर मी बंदुकीला हातही लावत नाही. बिथरलेला गवा माणसाकडे वळला तर ठासणी पुन्हा भरायला मिनिटभर लागते, आणि तेवढा वेळ तो देत नाही. वनरक्षकाला फोन करायचा आणि दार लावून घ्यायचे.

साफसफाईबद्दल थोडेसे, कारण आपल्या हवेत बंदुका झिजून मरत नाहीत, गंजून मरतात. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते. बार काढला की त्याच रात्री, फार तर सकाळी, नळी कढत साबणाच्या पाण्याने धुवायची, पाणी काळे येईनासे होईपर्यंत. मग कोरडे फडके, मग तेल. गाडीचे तेल या राखेशी मिसळून डांबरासारखे चिकट होते. बाबा खोबरेल लावत, मीही तेच लावतो. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला कपाट उघडून बघतो. भरलेली बंदूक मी कपाटात ठेवत नाही. रात्री गुरगुर ऐकू आल्यावर भरायला लागतो तो मिनिटभर डुकराला बोनस समजतो.

पुढच्या निवडणुकीची हवा सुरू झाली की जमा करण्याची नोटीस येण्याआधीच परवान्याची आणि नंबराच्या फोटोची प्रत तयार ठेवा, आणि जमा करायला जाताना गजाची खूण करून नळी रिकामी असल्याची खात्री हवालदारांसमोरच करून दाखवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या पुरेसा आधी द्यायचा. माझी मुदत नोव्हेंबर २०२९ पर्यंत आहे. कॅलेंडरवर मी त्याच वर्षीच्या जुलैवर खूण केली आहे, कारण चतुर्थीच्या महिन्यात कुठलीच फाइल हलत नाही.